खाड्याचे पैसे : हौशी खेळाचे सोंग आणि रग्बी लीगचा इतिहास

कुठल्याही मैदानावर जा, एक वाक्य हमखास कानावर पडते : "खेळ आवडीसाठी खेळायचा असतो, पैशासाठी नाही." हे वाक्य कोण बोलतो ते जरा नीट बघा. बोलणाऱ्याचे बूट घरच्या पैशाने आलेले असतात. उद्या तो कामावर गेला नाही तरी त्याच्या घरची चूल पेटणार असते. ज्याच्या घरी एक दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाचा बाजार कमी, तो असले वाक्य बोलत नाही. तो दोन-तीन वर्षे कसाबसा खेळतो आणि एक दिवस मुकाट्याने मैदान सोडतो. मग तेच लोक म्हणतात, "पोरगा चांगला होता, पण टिकला नाही. चिकाटी नव्हती."

चिकाटी होती, मित्रांनो. रोजी बुडत होती.

"खेळात पैसा नको" हा विचार कुठून आला, तो कोणाच्या सोयीचा होता आणि त्याच्याविरुद्ध कोण उभे राहिले, याचा एक स्वच्छ इतिहास उपलब्ध आहे. तो रग्बी लीग या खेळाचा इतिहास आहे. आपल्याकडे हा खेळ फारसा कोणाला माहीत नाही. लंबगोल चेंडू काखेत धरून धावायचे, समोरच्याने अंगावर झेपावून पाडायचे, पाडले की उठून चेंडू पायाने मागे द्यायचा आणि पुन्हा धडक मारायची, असा हा दांडगा खेळ. एका बाजूला १३ खेळाडू. १५ जणांची रग्बी असते ती वेगळी, तिला रग्बी युनियन म्हणतात. या दोन रग्बी वेगळ्या का झाल्या? नियमांवरून नाही. खाड्याच्या पैशावरून.

हौशी म्हणजे नेमका कोण?

रग्बी हा खेळ इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या निवासी शाळांत वाढला. १८७१ मध्ये लंडनमध्ये रग्बी फुटबॉल युनियन ही संघटना स्थापन झाली. तिचे चालक त्याच शाळा-विद्यापीठांतून आलेले वकील, व्यापारी, सरकारी अधिकारी होते. त्यांच्यासाठी शनिवारचा सामना म्हणजे विरंगुळा होता.

पण खेळ उत्तरेकडे पसरला आणि चित्र पालटले. यॉर्कशायर आणि लँकशायर हा कापड गिरण्यांचा, कोळसा खाणींचा आणि गोद्यांचा मुलूख. कारखाना कायद्यांमुळे गिरणी कामगारांना शनिवारी दुपारनंतर सुट्टी मिळू लागली होती. त्या अर्ध्या दिवसात कामगारांनी हा खेळ आपलासा केला. १८७७ पासून यॉर्कशायर कपच्या सामन्यांना तुडुंब गर्दी होऊ लागली. विगन, हॅलिफॅक्स, हडर्सफील्ड, वेकफील्ड, हल अशा गावांची ओळख त्यांच्या संघावरून होऊ लागली. तिकिटाचा पैसा क्लबांच्या तिजोरीत पडू लागला.

इथे प्रश्न उभा राहिला. दूरच्या गावी सामना असेल तर शनिवारी सकाळीच काम सोडून निघावे लागे. खाणीतला माणूस निघाला की त्याची मजुरी कापली जाई. सामन्यात हात मोडला तर पुढचे कित्येक आठवडे घरात एक पैसा येत नसे. मैदानाभोवती हजारो लोक पैसे देऊन बसलेले, क्लब कमावतो आहे, आणि ज्याच्या घामावर हे सगळे चालले आहे तोच खेळाडू त्या दिवशी घरी तोटा घेऊन जातो. कामगारांची मागणी अगदी साधी होती : आम्हाला बक्षीस नको, पगार नको, फक्त बुडालेली मजुरी भरून द्या. इंग्रजीत त्याला 'ब्रोकन टाइम'चे पैसे म्हणत. आपल्या भाषेत, खाड्याचे पैसे.

युनियनने याला 'व्यावसायिकता' ठरवले. १८८६ मध्येच खेळाडूला कुठलाही मोबदला देण्यावर कडक बंदी घातली गेली होती. ती बंदी कशी राबवली जाई याचा एक नमुना बघा. १८८८ मध्ये एक ब्रिटिश संघ ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर निघाला. त्यात हॅलिफॅक्सचा जॅक क्लोव्ज हा खेळाडू होता. दौऱ्यासाठी कपडे घ्यायला त्याने १५ पौंड घेतले, म्हणून युनियनने त्याला व्यावसायिक ठरवून टाकले. त्याच काळात क्रिकेटमध्ये डब्ल्यू. जी. ग्रेस हे 'हौशी' म्हणवले जात आणि खर्चाच्या नावाखाली कुठल्याही व्यावसायिक खेळाडूपेक्षा जास्त कमावत. त्यांना कोणी हात लावला नाही. म्हणजे आक्षेप पैशाला नव्हता. पैसा कोणाच्या हातात जातो, याला होता.

वरून तत्त्व शुद्धतेचे, आतून बंदोबस्त मक्तेदारीचा. ही पद्धत आम्हाला ओळखीची आहे. 'गुणवत्ता' हा शब्द आमच्या पोरांच्या तोंडावर असाच फेकला जातो. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या फुरसत मिळाली त्याच्या फुरसतीलाच गुण म्हणायचे, आणि ज्याला ती कधी मिळाली नाही त्याच्या गरजेला दोष म्हणायचे.

२८२ विरुद्ध १३६

सप्टेंबर १८९३ मध्ये लंडनला युनियनची सर्वसाधारण सभा भरली. यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी ठराव मांडला की, खेळाडूंची खरोखर बुडालेली मजुरी भरून देण्यास परवानगी असावी. ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. विरोध करणाऱ्यांचा सूर असा होता की, ज्याला खेळणे परवडत नाही त्याने खेळू नये.

त्या वाक्यावर घटकाभर थांबा. 'परवडत नसेल तर येऊ नका.' शाळेच्या दारावर, दवाखान्याच्या दारावर, स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या दारावर हे वाक्य आज कोणी लिहीत नाही. पण ते वाचता येते.

पुढची दोन वर्षे युनियनने उत्तरेतल्या क्लबांमागे चौकशा लावल्या, खेळाडूंवर बंदी घातली, क्लब निलंबित केले. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी युनियनमधून बाहेर पडून 'नॉर्दर्न युनियन' स्थापन केली. पहिल्या हंगामात २२ क्लब उतरले. खाड्याच्या पैशाची मर्यादा ठरली दिवसाला ६ शिलिंग. एवढ्याशा रकमेसाठी खेळ फुटला. की असे म्हणू, एवढी रक्कम द्यायची नाही म्हणून खेळ फोडला गेला?

युनियनने सूड असा घेतला की, जो कोणी या नव्या खेळात उतरेल त्याला १५ जणांच्या रग्बीचे दार जन्मभरासाठी बंद. पैसे न घेता खेळला तरी बंदच. बहिष्कार म्हणजे काय असतो, हे ज्यांना घरातूनच माहीत आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मालक कोण होते, हेही बघू

इथे एक सावधगिरी हवी. नॉर्दर्न युनियन काढणारे कोणी क्रांतिकारक नव्हते. क्लबांच्या समित्यांवर गिरणीवाले, दुकानदार, दारूच्या गुत्त्यांचे मालक होते. चांगला खेळाडू हातचा गेला तर गर्दी जाईल, गर्दी गेली तर गल्ला जाईल, हा त्यांचा हिशेब. कामगारांची न्याय्य मागणी आणि मालकांचा धंदा त्या घडीला एका वाटेवर आले, इतकेच.

म्हणून १८९८ मध्ये खुली व्यावसायिकता मान्य करतानाही अट घातली गेली : खेळाडूने खेळाबाहेर नियमित नोकरी केलीच पाहिजे. गुत्त्यातल्या वाढप्याची नोकरी मात्र चालणार नाही. म्हणजे पैसे देऊ, पण तू आठवडाभर खाणीत राब आणि शनिवारी आमच्यासाठी अंग मोडून घे. ही अट १९०५ पर्यंत टिकली.

त्याच वेळी खेळाचे रूपही बदलले. तिकीट काढून आलेल्या माणसाला चेंडू दिसला पाहिजे, नुसता घोळका दिसून चालणार नाही, या विचाराने बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकण्याचा रेंगाळणारा प्रकार १८९७ मध्ये काढला. १९०६ मध्ये १५ चे १३ खेळाडू केले आणि पाडलेल्या खेळाडूने उठून चेंडू मागे देण्याची रीत आणली. खेळ मोकळा, वेगवान झाला. गर्दीच्या गरजेतून खेळ सुधारला. शुद्धतावाद्यांनी याला भ्रष्टपणा म्हटले. दरम्यान त्यांच्याच युनियनमधले क्लब फुटीनंतरच्या काळात जवळपास निम्म्यावर आले.

हाच झगडा समुद्रापार गेला. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत अॅलेक बर्डन हा खेळाडू जखमी झाला आणि युनियनने त्याच्या नुकसानीची दखल घेतली नाही. त्यातून असंतोष भडकला आणि ऑगस्ट १९०७ मध्ये तिथे लीग स्थापन झाली. प्रसिद्ध क्रिकेटपटू व्हिक्टर ट्रम्पर त्या प्रयत्नात पुढे होते. १९०८ मध्ये सिडनीची स्पर्धा सुरू झाली आणि कामगार वस्त्यांचा खेळ म्हणून लीगने शहर व्यापले. पण तिथेही मालकशाही वेगळ्या रूपात आलीच. करार संपला तरी क्लबच्या परवानगीशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. बालमेन क्लबचा डेनिस टटी याविरुद्ध कोर्टात गेला. तो १९६९ चा अख्खा हंगाम घरी बसला, पण मागे हटला नाही. १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम व्यवसाय-स्वातंत्र्यावर अवाजवी बंधन आहे, असा निकाल दिला.

यातून आम्ही काय घ्यायचे? पगार मिळाला म्हणजे मुक्ती मिळाली असे होत नाही. पगार ही पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे करारावर, नियमावर, कारभारावर खेळणाऱ्याचा अधिकार. ही दुसरी पायरी कोणी दान देत नाही.

दार उघडले, पण किती?

पैशाचे दार उघडले की त्यातून तेही लोक आत येतात ज्यांना 'शुद्ध' दारातून कधीच घेतले नसते. जेम्स पीटर्स हे इंग्लंडच्या रग्बी युनियन संघातून खेळलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. १९०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा गोरा संघ इंग्लंडमध्ये आला तेव्हा पीटर्स यांच्याबरोबर खेळण्यावरून आक्षेप निघाला. पुढे पैसे घेतल्याच्या कारणावरून युनियनने त्यांच्यावर कारवाई केली आणि ते उत्तरेत लीग खेळायला गेले. वेल्समधल्या कार्डिफच्या बंदर वस्तीतले बिली बॉस्टन १९५३ मध्ये विगन क्लबकडे आले आणि त्या क्लबसाठी त्यांनी ४७८ ट्राय केले. वेल्सच्या युनियन संघात ते कधीच दिसले नाहीत. कार्डिफचेच क्लाइव्ह सुलिव्हन १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या लीग संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी विश्वचषक जिंकला. कुठल्याही मोठ्या खेळात ब्रिटनचे कर्णधारपद मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. हल शहराच्या मुख्य रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. ऑस्ट्रेलियात आदिवासी समाजातले आर्थर बीटसन १९७३ मध्ये राष्ट्रीय संघाचे कर्णधार झाले.

पण लीगला देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. १९४६ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून रॉय फ्रान्सिस या उत्तम खेळाडूला वगळले गेले ते त्यांच्या कातडीच्या रंगामुळे. पुढे तेच फ्रान्सिस ब्रिटिश व्यावसायिक खेळातले पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाले आणि त्यांनी हल क्लबला अजिंक्यपदे मिळवून दिली. बाजार माणसाचे कौशल्य विकत घेतो. त्याचा सन्मान मात्र बाजारातून आपोआप येत नाही, तो लढूनच घ्यावा लागतो.

हौशी आणि व्यावसायिक ही इंग्रजी वर्गवारी क्रिकेटमधून आमच्या पुण्या-मुंबईतही आली होती, आणि इथे तिला जातीची जोड मिळाली. पळवणकर बाळू यांनी पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर मैदानाची कामे केली आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकली. फलंदाजी त्यांच्या वाट्याला नव्हती. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतले, पण चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात संघाचे कर्णधार होते पतियाळाचे महाराज, आणि शंभरावर बळी घेतले ते बाळूंनी. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. ते घरात आले १९२३ मध्ये, धाकटे बंधू विठ्ठल यांच्या रूपाने, तेही बरेच भांडण झाल्यावर. राबणारा एक, मिरवणारा दुसरा. इंग्लंडमध्ये याला वर्ग म्हणत, आमच्याकडे जात.

शुद्धतेचे टोक

'हौशी शुद्धता' शेवटी कुठपर्यंत जाते, हे फ्रान्सने दाखवले. १९३४ पासून तिथे १३ जणांची रग्बी झपाट्याने वाढली, दक्षिणेतल्या गावागावांत क्लब निघाले. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडला आणि जर्मनांशी हातमिळवणी करणारे विशी सरकार आले. खेळातली व्यावसायिकता देशाला बिघडवते असे सांगत त्या सरकारने डिसेंबर १९४१ च्या हुकुमाने रग्बी लीगची संघटना बरखास्त केली आणि तिची मालमत्ता जप्त केली. युद्ध संपले, विशी सरकार गेले, खेळ पुन्हा सुरू झाला. पण मालमत्ता परत मिळाली नाही, आणि १९९० च्या दशकापर्यंत त्या खेळाला फ्रान्समध्ये स्वतःला 'रग्बी' म्हणवून घेता येत नव्हते. 'तेरा जणांचा खेळ' असे नाव लावावे लागे. नाव काढून घेणे ही किती जुनी युक्ती आहे, हे नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेल्या पिढीला विचारा.

आणि ज्या युनियनने शंभर वर्षे पावित्र्य मिरवले तिचे काय झाले? ऑगस्ट १९९५ मध्ये, जॉर्ज हॉटेलच्या बैठकीला शंभर वर्षे पुरी होता होता, आंतरराष्ट्रीय रग्बी युनियनने स्वतःच खेळ व्यावसायिक केला. टीव्हीचा पैसा दारात आला तेव्हा शुद्धता एका दिवसात विरघळली. शंभर वर्षे ज्यांना बहिष्कृत ठेवले त्यांची भरपाई कोणी दिली नाही.

कुमुल : एका देशाने उचललेला खेळ

आता दुसरा प्रश्न. श्रीमंत देशातला व्यावसायिक खेळ गरीब देशात जातो तेव्हा काय होते? व्यवस्थापनाच्या भाषेत याला 'नवी बाजारपेठ वाढवणे' म्हणतात. याचे सगळ्यात बोलके उदाहरण पापुआ न्यू गिनी. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचा, डोंगरदऱ्यांचा हा देश. आठशेच्या वर भाषा. आणि रग्बी लीग हा जिथला राष्ट्रीय खेळ मानला जातो असा जगातला बहुधा हा एकच देश.

हा खेळ तिथे आणला ऑस्ट्रेलियन वसाहतवाल्यांनी : सोन्याच्या खाणीवरचे लोक, सैनिक, अधिकारी. सुरुवातीला तो गोऱ्यांचाच होता. स्थानिक माणूस कुंपणापलीकडून बघत होता. दार हळूहळू उघडले आणि एकदा उघडल्यावर लोकांनी खेळ साहेबाच्या हातातून काढूनच घेतला. खेळायला फार काही लागत नाही. एक चेंडू, एक उघडी जागा आणि गावातली पोरे. चेंडू नसेल तर प्लास्टिकची बाटलीही चालते. राष्ट्रीय संघाचे नाव 'कुमुल', म्हणजे तिथल्या टोक पिसिन भाषेत स्वर्गपक्षी (बर्ड ऑफ पॅरडाइज). साहेबाचा खेळ, नाव मात्र आपल्या भाषेतले, आपल्या रानातल्या पाखराचे.

कालक्रम बघा. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेत प्रवेश. जुलै १९७५ मध्ये इंग्लंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना. १६ सप्टेंबर १९७५ ला देश स्वतंत्र. म्हणजे झेंड्याच्या आधी संघ मैदानात उतरला. १९७७ मध्ये फ्रान्सवर विजय. १९८६ मध्ये न्यूझीलंडवर २४-२२. १९९० मध्ये डोंगराळ गोरोका गावात ग्रेट ब्रिटनवर २०-१८. त्या दिवशी मैदानात न मावलेल्या गर्दीवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि तो खेळाडूंच्या डोळ्यांपर्यंत पोचला. हे सगळे विजय अशा खेळाडूंचे, ज्यांना खेळातून पोट भरता येत नव्हते.

तिथल्या देशी स्पर्धेला आधी बिअरच्या कंपनीने आणि मग मोबाइल कंपनीने पैसा दिला. खेळाडू अर्धव्यावसायिक राहिले. जे खरे चमकले ते परदेशी गेले : मार्कस बाय मेलबर्न स्टॉर्मकडून १९९९ चे ऑस्ट्रेलियन अजिंक्यपद आणि लीड्सकडून २००४ चे इंग्लिश अजिंक्यपद जिंकला. स्टॅनली जीनने इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे मैदाने गाजवली. अभिमान वाटावा असेच आहे. पण कच्चा माल इथला, कारखाना तिकडचा, हा वसाहतीचा जुना हिशेब त्यात होताच.

हा हिशेब काही अंशी मोडला २०१४ मध्ये. 'पीएनजी हंटर्स' हा देशातच राहणारा, देशातच सराव करणारा पगारी संघ ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड स्पर्धेत उतरला. फरक लगेच दिसला. चौथ्याच हंगामात, २०१७ मध्ये, ब्रिस्बेनच्या अंतिम सामन्यात हंटर्सनी १२-१० ने अजिंक्यपद जिंकले. त्याच वर्षी विश्वचषकाचे सामने पोर्ट मोर्सबीत झाले आणि कुमुलनी गटातले तिन्ही सामने जिंकले. हंटर्समधून पुढे गेलेला जस्टिन ओलम डोंगराळ चिंबू प्रांतातल्या खेड्यातला. त्याने आधी लाए शहरातल्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकून घेतले, मग २०२० मध्ये मेलबर्न स्टॉर्मबरोबर ऑस्ट्रेलियाचे अजिंक्यपद जिंकले. आमच्या पोरांनी हे नाव लक्षात ठेवावे. 'शिक्षण की खेळ' हा वाद आमच्यावर लादला जातो. त्याने दोन्ही केले.

आता उलटी बाजू. महिलांचा 'ऑर्किड्स' संघ २०१७ मध्ये प्रथमच विश्वचषकात उतरला. २०१९ मध्ये त्यांनी पोर्ट मोर्सबीत इंग्लंडला हरवले. पुढच्या विश्वचषकात, २०२२ मध्ये, त्या उपांत्य फेरीत पोचल्या आणि ऑस्ट्रेलियाकडून ८२-० ने हरल्या. समोर होत्या व्यावसायिक लीगमध्ये खेळून तयार झालेल्या खेळाडू. या बायका कमी पडल्या असे कोणी म्हणेल तर त्याने आधी दोघींच्या आठवड्याचा हिशेब मांडावा : कोणाला सरावाचे पैसे मिळतात, आणि कोणाला घर, काम आणि स्त्रियांवरच्या हिंसेचे मोठे प्रमाण असलेल्या देशातली रोजची भीती, हे सगळे सांभाळून मैदान गाठावे लागते. ८२ आणि ० मधले अंतर गुणवत्तेचे कमी, खाड्याच्या पैशाचे जास्त आहे.

आणि ताजी घडामोड. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले की २०२८ पासून पापुआ न्यू गिनीचा संघ ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च स्पर्धेत, नॅशनल रग्बी लीगमध्ये, खेळेल. ऑस्ट्रेलियन सरकार त्यासाठी दहा वर्षांत ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देणार. त्यातला एक भाग शाळा आणि तळच्या खेळासाठी आहे. एवढा पैसा कशासाठी? पॅसिफिक महासागरात चीनचा शिरकाव रोखण्यासाठी. पापुआ न्यू गिनीने चीनशी सुरक्षेचा करार केला तर ऑस्ट्रेलिया माघार घेऊ शकते, असे तेव्हाच वृत्तपत्रांत छापून आले. म्हणजे गावच्या पोराच्या पायातला बूट दोन सत्तांच्या बुद्धिबळात मोहरा झाला.

मग विरोध करायचा का?

दोन आक्षेप येतात. पहिला : "गरीब देशाने आधी दवाखाने बांधावेत, खेळावर पैसा कशाला?" हा आक्षेप घेणारा माणूस श्रीमंत देशाच्या स्टेडियमबद्दल तो घेत नाही. गरिबाने फक्त जगावे, मिरवू नये, आनंद करू नये, ही अपेक्षाच मुळात अपमानाची आहे. शिवाय आठशे भाषांच्या देशात सगळ्यांना एका बाजूने ओरडायला लावणारी दुसरी गोष्ट सापडणे अवघड.

दुसरा आक्षेप डाव्या मित्रांचा : "हा भांडवलाचा आणि साम्राज्याचा खेळ आहे, त्यापासून दूर राहा." हे निदान अर्धे बरोबर आहे. पण १८९५ चे खाणकाम करणारे खेळाडू 'क्लबचा मालक भांडवलदार आहे' म्हणून सहा शिलिंग नाकारत बसले नाहीत. त्यांनी सहा शिलिंग घेतले आणि पुढच्या पिढ्यांनी करारासाठी लढा दिला. पैसा कोणत्या हेतूने आला हे ओळखून ठेवायचे, आणि आल्यावर तो आपल्या माणसांपर्यंत पोचवण्यासाठी झगडायचे. दूर राहून शुद्ध राहणे ही चैन आहे. हौशी लोकांची.

आमच्या दारात

२०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. तो सात जणांच्या रग्बीचा, म्हणजे युनियनच्या घराण्यातला. कबड्डीची व्यावसायिक लीग २०१४ पासून आहे. आणखी लीग येतील. आमची पोरे-पोरी त्यात दिसतील, आणि आम्ही टाळ्या वाजवू. पण टाळ्यांच्या आधी चार प्रश्न विचारायला शिका.

पहिला : टीव्हीवर दिसणाऱ्या मूठभर खेळाडूंना किती मिळते हे सोडा, तालुक्याच्या मैदानावर खेळणाऱ्या पोराच्या खाड्याचे पैसे कोण देतो? व्यावसायिक खेळ हौशी खेळाच्या खांद्यावर उभा असतो. खांदा उपाशी ठेवला तर वरचा माणूस फार काळ उभा राहत नाही.

दुसरा : दुखापत झाली तर उपचार कोणाच्या खिशातून? बर्डनच्या एका दुखऱ्या खांद्यातून अख्खी लीग उभी राहिली, हे विसरू नका.

तिसरा : करार वाचून कोण देतो? टटीला कोर्टात जावे लागले. आमच्यातल्या वकील कार्यकर्त्यांनी गावच्या खेळाडूच्या पहिल्या सहीच्या आधी त्याच्या शेजारी बसावे.

चौथा, आणि सगळ्यात महत्त्वाचा : निवड समितीत, संघटनेच्या कार्यकारिणीत, प्रशिक्षकांच्या यादीत आमची माणसे, आमच्या बाया किती? मैदानात शंभर आणि खुर्चीवर शून्य, हे बाळूंच्या काळात होते. शंभर वर्षांनी तसेच असेल तर ती प्रगती नव्हे.

आपल्या वस्तीत मंडळे आहेत, जयंतीची वर्गणी आहे, समाजमंदिरे आहेत. वर्गणीतला काही हिस्सा बाजूला काढून वस्तीतल्या दोन मुली आणि दोन मुलांच्या सामन्याच्या दिवसाची बुडालेली रोजी भरून द्यायला सुरुवात करता येईल. रक्कम छोटी असेल. हडर्सफील्डलाही ती सहाच शिलिंग होती. 'परवडत नसेल तर खेळू नका' म्हणणाऱ्यांना त्या माणसांनी उत्तर दिले होते की, आम्ही खेळणार, आणि खाड्याचे पैसे घेऊन खेळणार. तेच उत्तर आपल्यालाही द्यायचे आहे.

जय भीम!